पाणी कुठे मुरते?

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो त्या सुमारास घरोघरी रंगाच्या डब्यांची झाकणे उघडलेली असतात. कपाटे खोलीच्या मध्यभागी ओढलेली, त्यांवर जुनी लुगडी पांघरलेली, आणि आता टेकावे कुठे या विवंचनेत घरधनी गॅलरीत उभे! अशा वेळी 'यंदा रंग लावू नका' असे सांगणारा माणूस कोणाला आवडेल? तरीही सांगतो. सर्वांना नव्हे. ज्यांच्या घरात या पावसाळ्यात पाणी शिरले, किंवा ज्यांची भिंत तळ्याच्या शेजारामुळे बारा महिने गारच लागते, त्यांनी ती झाकणे तूर्त मिटावीत आणि हा मजकूर वाचून मग काय ते ठरवावे.

मराठीच्या मास्तराने भिंतींविषयी बोलावे काय, असे कोणी विचारील. पण या विषयाचे निम्मे शहाणपण आपल्या भाषेत आधीच साठवलेले आहे. 'ओल चांगली आहे' असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडावर हसू असते. घरात तोच 'ओल' शब्द निघाला की कपाळाला आठी पडते. दमट, सर्द, कुबट, पाझर, झिरप, लोणा असे एकाहून एक नेमके शब्द आपल्याकडे आहेत. आणि एखाद्या व्यवहारात काही काळेबेरे आहे अशी शंका आली की आपण म्हणतो, 'इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.' म्हणजे दिसते ते पाणी खरे संकटाचे नव्हे, दिसेनासे होते ते संकटाचे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. घरात शिरलेले पाणी काही तासांत ओसरते. भिंतीत मुरलेले पाणी काही महिने मुक्काम करते. सगळा घोटाळा होतो तो या दोहोंची गल्लत केल्यामुळे.

आमचे नागपूर तसे तळ्यांचे गाव. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, नाईक तलाव अशी नावे इथल्या पोराटोरांच्या तोंडी असतात. त्यांतला अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. पश्चिमेकडून येणारे नाग नदीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुन्हा नदीत सोडायचे, अशी ती साधी आणि शहाणपणाची योजना. सांडव्याखालून नदी शहरात शिरते. शहर वाढत गेले तशी या वाटेच्या दोन्ही अंगांना घरे उभी राहिली. पुण्यात ज्याला सोसायटी म्हणतात त्याला आम्ही ले-आउट म्हणतो. तसे एकेक ले-आउट पडत गेले. नदीचा नाला झाला आणि नाल्याची गटार. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.

२२ सप्टेंबर २०२३ या दिवशी महालक्ष्म्यांचे पूजन होते. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, त्याच आमच्याकडे महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी असे रांधून, पंगती उठवून बायका थकून झोपल्या आणि मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पडला. तलाव आधीच भरलेला. सांडव्यावरून पाण्याचा लोंढा निघाला आणि २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट अशा सुखवस्तू वस्त्यांत लोकांना जाग आली ती पलंगाला लागलेल्या पाण्याने. मोरभवनच्या स्थानकात उभ्या असलेल्या बसगाड्या बुडाल्या. निदान चौघांचा प्राण गेला. सरकारने बाधित कुटुंबांना दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. दोष कोणाचा, हे न्यायालयाचे काम. मला सांगायचे आहे ते पाणी ओसरल्यानंतरचे.

माझी एक आत्या त्या भागात तळमजल्यावर राहते. वय शहात्तर. कमरेइतके पाणी चढले तेव्हा महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे पदरात गुंडाळून ती शेजाऱ्यांच्या माडीवर गेली. बाकी सगळे खालीच राहिले. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरले होते आणि घरभर वीतभर गाळ होता. आत्या जिन्यावर बसून होती. मला पाहून म्हणाली, "आधी पंखे सुरू कर रे, वाळू दे सगळं."

पंखा सुरू करण्याची इच्छा अगदी स्वाभाविक, आणि नेमकी तीच जिवावर बेतणारी. भिंतीतल्या ज्या नळ्यांतून तारा जातात त्या नळ्यांत, खटक्यांच्या पेट्यांत पाणी साचून राहते. म्हणून पहिले काम मेन स्विच बंद करण्याचे, तेसुद्धा तिथवर कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच. नाहीतर वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की हल्ली घरोघरी इन्व्हर्टर असतो. बाहेरची वीज गेली म्हणून आपण निर्धास्तपणे पाण्यात उतरतो, आणि इन्व्हर्टर मात्र इमानाने भिंतीत वीज खेळवत असतो! तो वेगळा बंद करावा लागतो. नंतर वायरमनला बोलावून 'मेगर' नावाच्या यंत्राने प्रत्येक तार तपासून घ्यावी. मगच दिवा. फ्रिज, धुलाई यंत्र, पाण्याची मोटर यांना हात लावू नये. कारागिराने उघडून वाळवल्यावर त्यांतले बरेच पुन्हा चालते, घाईने बटण दाबले तर कायमचे जळते. मोटारगाडीचेही तेच. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह ज्याला आवरला, त्याचे इंजिन पुष्कळदा वाचते.

गाळ ओला आहे तोवरच काढावा. एकदा वाळला की तो सिमेंटशी नाते जोडतो. तळ्याचे पाणी म्हणून त्याला पवित्र मानण्याचे कारण नाही. वाटेत त्याला शहरातली सगळी गटारे भेटलेली असतात. हातमोजे, बूट, साबण, ब्लीचिंग पावडर हे सगळे हवेच. जमिनीखालची टाकी आणि विहीर उपसून, क्लोरीन टाकून मगच वापरावी. गाद्या, उशा, भुश्याच्या फळ्यांचे फर्निचर यांचा लोभ धरू नये. सागवानी लाकूड टिकते. पण फुगलेले दार लागत नाही म्हणून लगेच सुताराकडून रंधा मारून घेणारे लोक मी पाहिले. थंडीत लाकूड वाळून मूळ पदावर आले, तेव्हा दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल अशी फट राहिली. आत्याच्या घरचे देवघराचे दार चार महिने उघडेच होते. "देवांना काही चोरायचं नाही," असे म्हणून तिने सुताराला परत पाठवले.

कागदांविषयी मात्र थोडे सविस्तर बोलतो, कारण इथे माझा जीव अडकतो. आत्याचे यजमान शाळाखात्यात होते. नोकरीच्या गावाहून त्यांनी तिला लिहिलेली पत्रे लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. शेजारी घराची खरेदीखते, फोटोंचे दोन आल्बम आणि शब्दकोशाचे जाडजूड खंड. सगळे भिजून एकजीव झालेले. आमच्या भावंडांपैकी एकाने ते सोडवायला सुरुवात केली, तशी पहिल्याच पत्राची घडी हातात तुटून आली.

ओल्या कागदाला बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. तेवढ्यात शेकडो पाने सुटी करून वाळवणे घरच्या माणसांच्या आवाक्यातले नसते. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी ग्रंथालयात शिरली, तेव्हा भिजलेली पुस्तके तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवण्याची वेळ तिथल्या लोकांवर आली होती. त्यानंतरच्या काळात ग्रंथपालांनी एक सोपी युक्ती रूढ केली. भिजलेले कागद गोठवून टाकायचे. गोठल्यावर बुरशीची वाढ थांबते, शाई आणखी पसरत नाही, आणि पुढे सवडीने थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येते. आम्ही तेच केले. पत्रांचे लहान लहान गठ्ठे मेणकागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, वीज असलेल्या भागातल्या तीन नातेवाइकांच्या फ्रीजरमध्ये वाटून दिले. माझ्या धाकट्या बहिणीकडे ती पत्रे मटारच्या पिशव्यांशेजारी पुढचे पाच महिने होती. पाहुणे बर्फ काढायला गेले की त्यांना खुलासा करता करता तिची पुरेवाट होई. वाळवताना पाने उन्हात ठेवू नयेत. सावलीत, वाऱ्याशी, दोन टिपकागदांमध्ये ठेवावीत. फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात सोडून हळूच सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवावेत. गुळगुळीत कागदाची पुस्तके एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, त्यांची आशा पहिल्या दिवशीच. शाईच्या पेनने लिहिलेल्यापैकी बरेच धुऊन गेले. पेन्सिलीने लिहिलेले मात्र अक्षर न् अक्षर राहिले. आत्याच्या यजमानांना दौऱ्यावर पेन्सिल वापरायची सवय होती, हे आमचे भाग्य.

आता भिंतीकडे येतो. वीट म्हणजे बारीक बारीक छिद्रांचा गठ्ठा. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी ही छिद्रे पाणी वर ओढतात. म्हणून पाणी तीन फूट चढले असेल तर ओल चार फुटांवर दिसते. बाहेरून भिंत आठ-पंधरा दिवसांत कोरडी वाटू लागते आणि इथेच माणूस फसतो. इमारतीच्या ओलीचा अभ्यास करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: भिंतीची जाडी जितके इंच, तितके महिने तिला वाळायला लागतात. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. कोरडी हवा आणि दोन्ही बाजूंनी वारा मिळाला तर लवकर. पण दीड महिना तर नक्कीच नव्हे.

आणि त्या वर्षी पूर ते लक्ष्मीपूजन यांत दिवस होते बरोबर पन्नास.

आत्याला रंग हवाच होता. तिच्या नातीचे लग्न ठरण्याच्या बेतात होते आणि भाऊबीजेला मुलाकडची माणसे प्रथमच घरी यायची होती. "गाळाची रेघ दाखवू का त्यांना भिंतीवरची?" असे ती म्हणे, आणि त्यावर कोणापाशी उत्तर नसे. शेजारच्या बंगल्यात पुट्टी लागून वर झुळझुळीत प्लॅस्टिक रंगही झाला होता. आत्याने मिस्त्रीला बोलावले. हा म्हातारा गवंडी तिच्या घराच्या पायापासूनचा माणूस. त्याने भिंतीला तळवा लावला, मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत तो खोलीभर हिंडला. जिथे पोकळ वाजले तिथे खडूने गोल केले.

"बाई, भित अजून थंडी हाय. पोटात पानी हाय तिच्या."

"अहो पण वरून कोरडी आहे ना, मिस्त्री? शेजारच्यांनी लावला की रंग!"

"त्याहिनं लावला. तुम्ही संक्रांतीला जाऊन पाहून या."

मग मी आणखी एक परीक्षा सुचवली. हातभर लांबी-रुंदीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. आतल्या अंगाला दवासारखे थेंब जमले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. आत्याने ती परीक्षा वसुबारसेपर्यंत चार वेळा घेतली. शाळेत निकाल फिरवून मागणारे पालक असतात, तशी दर वेळी तुकड्याची जागा बदलून. दर वेळी थेंब आले.

असे असताना रंग लावला तर काय होते? पाणी बाहेर पडायला धडपडते आणि वरचे प्लॅस्टिकचे पापुद्रे त्याला अडवतात. त्यातून फोड येतात. पाण्याबरोबर विटेतले, मातीतले क्षार पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षार तिथेच स्फटिक होऊन राहतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. पांढरी भुकटी सुटते, तोच लोणा. गृहिणी तो ओल्या फडक्याने पुसतात, आणि क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात! लोणा कोरड्या कुंच्यानेच झाडावा. काळी-हिरवी बुरशी मात्र कोरडी झाडू नये, तिची भुकटी नाकात जाते. ती जंतुनाशकाने ओली करून पुसावी, आणि दमेकऱ्यांनी त्या वेळी घराबाहेर राहावे. तळ्याकाठच्या घरांत पूर न येताही हा लोणा का सुटतो, याचे कारणही इथेच आहे. जमिनीतले पाणी पायथ्याशीच असते आणि जोत्यावर ओल रोखणारा थर नसेल, किंवा जुना होऊन तडकला असेल, तर भिंत वर्षभर पाणी पीत राहते. अशा भिंतीला वरून कितीही महागडा रंग लावा, तो वर्षाला नवा लागणार.

मिस्त्रीने खडूचे गोल होते तिथला गिलावा फोडला आणि पुराच्या रेघेच्या वर फूटभर भिंत उघडी केली. भाऊबीजेला ती मंडळी आली तेव्हा दिवाणखान्यात कमरेपर्यंत नागड्या विटा होत्या, वर जुना रंग, आणि मधोमध आत्याने मांडलेला फराळ. मुलाच्या आईने भिंतीकडे पाहिले आणि विचारले, "तुमच्याकडे किती फूट?" त्यांच्या माहेरी, पुण्याच्या शनिवारात, १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी शिरले होते. मग तासभर दुसरा विषयच निघाला नाही. लग्न पुढे झाले. त्यात भिंतीचा काही वाटा होता की नाही हे मला ठाऊक नाही. शेजारच्या बंगल्याचा रंग मात्र संक्रांतीला फोडांनी भरला होता आणि होळीपर्यंत पुट्टीसकट खाली आला. दोन वेळचा खर्च झाला, तो त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून.

भिंत वाळवायला आमच्या उन्हाळ्यासारखे यंत्र जगात नाही. एप्रिल-मेमध्ये ते फुकट चालते. पण नागपूरकर करतो काय, तर वाळ्याच्या ताट्या भिजवून कूलर लावतो आणि ओली हवा खोलीत भरतो! आत्याला दिवाणखान्यात तो उन्हाळा कूलरवाचून काढावा लागला. ती आतल्या खोलीत बसे आणि दिवाणखान्याच्या खिडक्या सताड उघड्या असत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकचा तुकडा कोरडा निघाला. मिस्त्रीने चुन्याचा गिलावा केला आणि वर चुन्याचीच सफेदी दिली, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. फरशीही तीन ठिकाणी उकरावी लागली; खालचा मुरूम पाण्याने बसला होता आणि चालताना ठक्क वाजे. भिंतीला दोन तिरप्या भेगा गेल्या होत्या. ही काळ्या मातीची करणी. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि पायाला हलवून सोडते. अशी भेग लगेच बुजवू नये. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. एक उन्हाळा-पावसाळा जाऊनही ती वाढली नाही तरच बुजवावी, वाढली तर इंजिनिअरला दाखवावी.

विम्याचे राहिलेच. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचे नुकसान धरलेले आहे, आणि घराच्या इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. गाडीचा विमा न चुकता भरणारी किती घरे घराचा विमा उतरवतात, हे वाचकांनी आपापल्याशी मोजावे. पुरानंतर गाळ उपसण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो घ्यावेत, भिंतीवरच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून एक वेगळा घ्यावा, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि टाकून द्यायच्या वस्तूंचीही यादी ठेवावी. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

आणि ज्यांना तळ्याकाठी नवे घर घ्यायचे आहे, त्यांनी 'लेक व्ह्यू' म्हणून छापलेले निळे चित्र बाजूला ठेवून मालकाला दोन प्रश्न विचारावेत. सांडवा कोणत्या बाजूला आहे, आणि समोरचा रस्ता शेवटचा केला तेव्हा किती उंच झाला? आमच्याकडे सिमेंटचे रस्ते इतके चढत गेले आहेत की एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या घरांत जावे लागे, त्यांतल्या काही घरांत आता पायरी उतरून जावे लागते. घर बघायला शक्य तर ऑगस्टमध्ये जावे, आणि जाताना चिकटपट्टी व प्लॅस्टिकचा एक तुकडा खिशात असू द्यावा.